जुन्या लष्करी कोटावरचे बिल्ले कसे ओळखावेत आणि त्यांचा काळ कसा ठरवावा

जुना लष्करी कोट हाती आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हा कोणत्या सालचा?" प्रश्न एक वाटला तरी त्यात तीन प्रश्न दडलेले असतात: कोट कधी शिवला गेला, त्यावरचा बिल्ला कधी बनला, आणि तो बिल्ला या कोटावर कधी चढला. तिन्हींचे उत्तर एकच असेल असे धरून चालले की निष्कर्ष हमखास चुकतो. तयार कोट सैन्याच्या कोठारात वर्षानुवर्षे पडून राहतात. बदली झाली की सैनिक खांद्यावरचे चिन्ह उसवून नवे लावतो. बढती मिळाली की बाहीवरची फीत बदलते. आणि सेवा संपल्यावर तोच कोट नाटक कंपन्या, जुन्या कपड्यांचे व्यापारी आणि संग्राहक यांच्या हातांतून फिरतो, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला त्यावर काहीतरी लावण्याची किंवा त्यावरून काहीतरी काढण्याची संधी मिळालेली असते.

म्हणून कोटावरच्या प्रत्येक वस्तूला नेमके साल चिकटवण्याचा मोह टाळावा आणि त्याऐवजी "ही वस्तू अमुक सालाच्या आधीची असूच शकत नाही" अशी सीमा प्रत्येकीसमोर लिहीत जावे. या साऱ्या सीमांपैकी जी सर्वांत अलीकडची असेल, तिच्या आधी हा कोट आजच्या रूपात अस्तित्वात नव्हता, एवढे खात्रीने म्हणता येते. काही चिन्हे एका ठरावीक साली बंद झालेली असतात, त्यांच्यापुढे दुसरी, शेवटची सीमाही लिहावी. या दोन सीमांमध्ये जी पट्टी उरते, ती जितकी अरुंद, तितका कोट बोलका.

हात लावण्यापूर्वी

पहिले काम छायाचित्रे काढण्याचे. कोट सपाट पसरून समोरून, मागून आणि अस्तराच्या बाजूने चित्रे घ्यावीत. शिवाय प्रत्येक चिन्हाचे जवळून एक चित्र असावे आणि त्यासाठी प्रकाश बाजूने तिरका पाडावा, कारण समोरच्या प्रकाशात टाक्यांची जुनी भोके, कापडावर दबलेल्या रेषा आणि उसवलेल्या चिन्हाच्या खुणा दिसत नाहीत. पितळी बटणे चकचकीत करू नयेत, कापड धुऊ नये, आणि कोणतेही चिन्ह उसवू नये.

हा शेवटचा नियम मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका बॅटलड्रेसच्या, म्हणजे ब्रिटिश सैनिकांच्या कमरेपर्यंतच्या लोकरी कोटाच्या, बाहीवरचे चिन्ह छापील आहे की भरतकामाचे, हे मागच्या बाजूने पाहावे म्हणून मी त्याचे टाके कापले. चिन्ह जुनेच निघाले. पण ते त्या कोटावर मुळातच होते याचा एकमेव पुरावा असलेला, कापडाइतकाच विटलेला आणि कापडात रुतून बसलेला धागा मी कात्रीने कापून टाकला होता. पुन्हा शिवल्यावर ते केवळ "जुन्या कोटावर शिवलेले जुने चिन्ह" उरले. हल्ली मी चिन्हाची सैल झालेली कड असेल तर तीच बोथट चिमट्याने किंचित उचलून भिंगातून पाहतो, आणि नसेल तर मागच्या बाजूची उत्सुकता सोडून देतो.

आधी कोट, मग बिल्ला

बिल्ल्यांकडे वळण्यापूर्वी कोटाचे स्वतःचे वय काढून घ्यावे, कारण ती सर्वांत मजबूत पायरी असते. आतल्या खिशात, मानेखाली किंवा छातीच्या अस्तरावर लेबल किंवा शिक्का शोधावा. ब्रिटिश बॅटलड्रेसच्या लेबलावर साधारणतः कपड्याचे नाव, माप, बनवणाऱ्याचे नाव आणि साल असते, आणि जवळपास सरकारी मालकी सांगणारी, पक्ष्याच्या पावलासारखी दिसणारी बाणाची खूण असते. हा बाण इंग्रजी 'सी' अक्षराच्या आत असेल तर माल कॅनडाचा आणि दोन 'डी' अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा.

लेबल वाचताना एक सापळा ओळखून ठेवावा. नमुन्याचे साल आणि उत्पादनाचे साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅटलड्रेसचा मूळ नमुना १९३७चा. त्यात पुढची बटणे पट्टीखाली झाकलेली आणि छातीच्या खिशांना चुणी होती. दुसऱ्या महायुद्धात कापड आणि मजुरी वाचवण्यासाठी जी साधी आवृत्ती आली, तिची बटणे उघडी आणि खिसे बिनचुणीचे आहेत; तिच्या लेबलावर "१९४० पॅटर्न" लिहिलेले असते, परंतु ती प्रत्यक्षात १९४२पासून बनू लागली. त्यामुळे "१९४०" हा आकडा वाचून त्या वर्षी फ्रान्समधल्या डंकर्कहून झालेल्या ब्रिटिश माघारीशी नाते जोडणारे वर्णन दिसले तर ते लिहिणाऱ्याने लेबल अर्धेच वाचले आहे असे समजावे. कॅनडाने मात्र झाकलेली बटणे युद्धभर टिकवली, म्हणून केवळ बटणांवरून निर्णय देऊ नये. मुळातच उघड्या, दुमडलेल्या कॉलरचा कोट युद्धोत्तर नमुन्यांतला असतो. परंतु अधिकारी शिंप्याकडून बंद कॉलर उघडी करून घेत असत, तेव्हा कॉलरच्या आतली शिवण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अमेरिकी कपड्यांचे लेबल अधिक उदार असते. दुसऱ्या महायुद्धातल्या लेबलावर मध्ये अक्षर असलेला साठा क्रमांक आणि बहुधा कंत्राटाची तारीखही सापडते. पुढे संरक्षण खात्याची पुरवठा संस्था १९६२मध्ये कामाला लागली, तेव्हापासून कंत्राट क्रमांकाच्या सुरुवातीला "डीएसए" ही अक्षरे येतात, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या "१००-६५" अशा आकड्यांतले दुसरे दोन अंक कंत्राटाचे आर्थिक वर्ष सांगतात. १९७७मध्ये संस्थेचे नाव बदलले आणि "डीएसए"च्या जागी "डीएलए" आले. साठा क्रमांकाचे अंक मोजणे हाही एक सोपा उपाय आहे: अकरा अंकी क्रमांक १९७४पर्यंतच्या पद्धतीतला आणि तेरा अंकी त्यानंतरचा. नाटो देशांच्या तेरा अंकी क्रमांकात पहिल्या चार अंकांनंतरची जोडी देश दाखवते, म्हणजे ९९ ब्रिटन, २१ कॅनडा, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, आणि ०० किंवा ०१ अमेरिका. सुट्या बिल्ल्याच्या पाकिटावर ८४५५ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो बिल्ले आणि मानचिन्हे या वर्गाचा आहे, हेही लक्षात असू द्यावे. हे सारे असूनही लेबल सांगते ते कंत्राटाचे किंवा उत्पादनाचे साल. तो कोट सैनिकाच्या अंगावर त्याच वर्षी चढला असे ते सांगत नाही.

मुकुट आणि राजाक्षरे

ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांच्या बटणांवर व बिल्ल्यांवर मुकुट असतो, आणि काळ ठरवण्याचे ते सर्वांत सोपे साधन मानले जाते. १९०१मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या निधनानंतर आलेला ट्यूडर मुकुट वर घुमटासारखा गोलाकार आहे, तर एलिझाबेथ दुसरीच्या काळात, म्हणजे १९५२मध्ये ती गादीवर आल्यानंतर वापरात आलेल्या सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या आहेत. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटांचे आकार एकसारखे नाहीत आणि त्यांतले काही नंतरच्या दबक्या मुकुटासारखे दिसतात, म्हणून जिथे राजाक्षरे असतील तिथे मुकुटापेक्षा त्यांवर विश्वास ठेवावा: राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर आणि त्याला जोडलेला रोमन आकडा यांत गोंधळाला जागा नसते.

पूर्वी गोल मुकुट दिसला की "१९५२ किंवा त्याआधीचा" असे डोळे मिटून लिहिता येत असे. आता ते जमणार नाही, कारण २०२२मध्ये चार्ल्स तिसऱ्याने आपल्या राजाक्षरांसाठी ट्यूडर मुकुटच निवडला आणि ताज्या बिल्ल्यांवर गोल घुमट परत आला. धातू पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. १९५०च्या दशकापासून ब्रिटिश बटणे आणि बिल्ले ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचे होऊ लागले. ते पितळाहून पुष्कळ हलके असतात, त्यांना पॉलिश लागत नाही आणि त्यांची चकाकी काहीशी स्वस्त, पिवळसर वाटते. गोल मुकुटाचे जड, झिजलेले पितळ आणि गोल मुकुटाचे हलके ॲल्युमिनियम यांच्यामध्ये अनेक दशकांचे अंतर असू शकते.

राज्यव्यवस्था बदलली की मुकुट जातो, हा तर स्पष्टच संकेत आहे. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला आणि लष्करी चिन्हांवरील मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. ऑगस्ट १९४७ ते जानेवारी १९५० या मधल्या अडीच वर्षांत मुकुट चालूच होता, आणि नेमके तेच नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

बटण मात्र कोटावरची सर्वांत सहज बदलली जाणारी वस्तू आहे. म्हणून सगळी बटणे उलटून मागचे बनवणाऱ्याचे नाव वाचावे आणि ते सर्वांवर एकच आहे का, हे पाहावे. पाचांपैकी चार सारखी आणि एक वेगळे असेल तर त्यात वावगे काही नाही. सैनिकाचे बटण तुटते आणि तो मिळेल ते लावतो. पाचही नवीकोरी आणि काजांची भोके मात्र झिजलेली, हे शंकेचे कारण आहे.

दर्जा: चिन्हापेक्षा जागा बोलते

दर्जाचे, म्हणजे हुद्द्याचे, चिन्ह ओळखणे तुलनेने सोपे, पण काळ सांगते ती त्याची जागा. १९०२पासून ब्रिटिश अधिकाऱ्यांचे तारे आणि मुकुट कोटाच्या बाहीच्या कफावर असत. पहिल्या महायुद्धात खंदकातून बाहेर पडणारा अधिकारी त्यामुळे शत्रूच्या नेमबाजाला लांबूनच ओळखू येई, म्हणून काहींनी ती चिन्हे खांद्यावर हलवली, आणि १९२०मध्ये कफावरची पद्धत अधिकृतपणे बंद झाली. अर्थात कफावर दर्जा असलेला खाकी कोट १९०२ ते १९२० या पट्टीतला असतो. खांद्यावर दर्जा असलेला मात्र त्याच युद्धातलाही असू शकतो. मुकुटाखाली त्रिकोणात तीन तारे असलेला ब्रिगेडियरचा दर्जा १९२८पासूनचा आहे, ही अशीच एक पक्की सीमा.

जपानी लष्कराने १९३८मध्ये दर्जाचिन्हे खांद्यावरून कॉलरवर आणली. सोव्हिएत लष्कराने जानेवारी १९४३मध्ये याच्या उलट केले: क्रांतीनंतर जुन्या राजवटीची खूण म्हणून टाकून दिलेल्या खांदापट्ट्या परत आणल्या आणि कॉलरवरचा दर्जा संपवला. त्यामुळे १९४१च्या लढाईतला म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सोव्हिएत कोटावर खांदापट्ट्या असतील, तर एक तर त्या नंतर लावल्या गेल्या आहेत किंवा वर्णन चुकले आहे.

बाहीवरच्या 'व्ही' आकाराच्या अमेरिकी फितींचे टोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वर असते आणि ब्रिटिशांचे खाली. मात्र ब्रिटिश बाहीवर मनगटाजवळ टोक वर असलेली फीत दिसली तर ती दर्जाची नसून सद्वर्तनाची किंवा सेवाकाळाची असते. अमेरिकी फितींमध्ये कालनिर्णयाला सर्वांत उपयोगी पडते ते 'टी' हे अक्षर. तंत्रज्ञ सैनिकांसाठी 'टी' असलेल्या फिती १९४२मध्ये आल्या आणि १९४८मध्ये तो दर्जाच रद्द झाला. बाहीवर हे एक अक्षर सापडले की सहा वर्षांची पट्टी आयती मिळते.

तुकडीची चिन्हे

खांद्याखाली बाहीवर शिवले जाणारे डिव्हिजन किंवा कोअर अशा मोठ्या लष्करी तुकडीचे रंगीत चिन्ह बहुतेक संग्राहकांना सर्वांत प्रिय असते, आणि म्हणूनच नकलांचा सुळसुळाटही तिथेच आहे. अमेरिकी लष्करात ही प्रथा १९१८मध्ये ८१व्या डिव्हिजनच्या रानमांजराच्या चिन्हापासून रुजली. त्या काळची चिन्हे बहुधा फेल्टची किंवा लोकरी कापडाची, हाताने कापून जोडलेली आणि एकाच डिव्हिजनमध्येही एकमेकांपासून थोडी वेगळी असत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती यंत्राने सुती धाग्यात भरली जाऊ लागली. त्यांची कड नुसती कापलेली असते आणि भिंगातून पाहिल्यास भरतकामाच्या पलीकडे कापडाचे बारीक तंतू डोकावतात. कडेभोवती दोरीसारखा जाड, गोल गोफ विणलेली चिन्हे १९६०च्या दशकापासून सर्रास दिसू लागली. त्याच दशकात व्हिएतनाममुळे भडक रंगांऐवजी काळ्या आणि हिरव्या धाग्यांतली दबक्या रंगांची चिन्हेही आली. ब्रिटिश बाजूला युद्धकाळात काटकसरीसाठी पुष्कळ चिन्हे आणि खांद्यावरची नावे सुती कापडावर छापली गेली. छापील चिन्ह पाहून ते स्वस्तातली नक्कल आहे असे समजणारे पुष्कळ भेटतात. खरे तर ती छपाईच त्याच्या युद्धकाळाची साक्ष असू शकते.

तुकडीचे नाव सापडले की ती कधी उभी राहिली, तिचे नाव कधी बदलले आणि ती कधी विसर्जित झाली, हे शोधावे. ब्रिटिश मशीन गन कोअर १९१५ ते १९२२ एवढाच काळ जगला. टेहळणीसाठीचा रीकॉनिसन्स कोअर १९४१ ते १९४६. रॉयल फ्लाइंग कोअर १९१२मध्ये स्थापन झाला आणि १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाला. रॉयल टँक कोअरचे १९३९मध्ये रेजिमेंट झाले. लष्कराची यंत्रसामग्री दुरुस्त करणारा विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचा ब्रिटिश कोअर ऑक्टोबर १९४२मध्ये निर्माण झाला आणि त्याचा घोडा व वीज असलेला बिल्ला १९४७पासूनचा, त्यामुळे तो घोडा युद्धातल्या कोटाच्या कॉलरवर दिसला तर थांबून विचार करावा. अमेरिकी हवाई दल सप्टेंबर १९४७मध्ये लष्करापासून वेगळे झाले, आणि कॅनडाची तिन्ही दले १ फेब्रुवारी १९६८ रोजी एक झाली. अशा तारखांची स्वतःची वही ठेवावी. छापील कोश कितीही चांगले असले तरी कोट समोर असताना हाताशी वहीच असते.

अमेरिकी कोटावर उजव्या खांद्याचे चिन्ह वेगळे वाचावे लागते. डाव्या खांद्यावर सध्याची तुकडी आणि उजव्यावर ज्या तुकडीबरोबर युद्धात सेवा केली ती, ही पद्धत १९४५पासूनची आहे. बाहीवर राष्ट्रध्वज असेल तर तारे मोजावेत, कंटाळा करू नये: १९१२पासून अठ्ठेचाळीस, ४ जुलै १९५९पासून जेमतेम वर्षभर एकोणपन्नास, आणि ४ जुलै १९६०पासून पन्नास.

जर्मनीच्या १९३३ ते १९४५ या काळातल्या चिन्हांबद्दल मी मुद्दाम थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्या नकला युद्धानंतर लगेच सुरू झाल्या आणि त्यांतल्या काही आता स्वतःच जुन्या दिसतात. एवढे सांगावेसे वाटते की लष्कराचा गरुड १९३४मध्ये आला व तो उजव्या छातीवर असे, तर वाफेन-एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाचा, डाव्या बाहीवर. याहून पुढचे निदान नवख्याने अनुभवी माणसाला कोट प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय करू नये.

पदकांच्या रिबिनी आणि जखमेच्या पट्ट्या

छातीवरच्या रिबिनी जितक्या दुर्लक्षित, तितक्या उपयोगी. पदक मोहिमेनंतर जाहीर होते, मोहिमेच्या वेळी नव्हे. त्यामुळे रिबीन मोहिमेचे साल न सांगता तिच्या स्थापनेनंतरचे साल सांगते. ब्रिटिशांचा आफ्रिका स्टार १९४३मध्ये, तर बर्मा, इटली आणि फ्रान्स-जर्मनी हे स्टार १९४५मध्ये जाहीर झाले. १९४४मध्ये इंफाळला लढलेल्या सैनिकाच्या कोटावर बर्मा स्टारची रिबीन असेल, तर ती रिबीन त्या लढाईच्या वेळी तिथे असणे शक्य नव्हते. याचा अर्थ कोट खोटा असा नव्हे, तर १९४५मध्ये किंवा त्यानंतर तो वापरात होता, एवढाच. अमेरिकी रिबिनींमध्ये ब्राँझ स्टार १९४४चा, विजयपदक १९४५चे, आणि राष्ट्रीय संरक्षण सेवा पदक १९५३चे. पायदळाच्या लढवय्यांचा निळ्या पट्टीवर बंदूक असलेला बिल्ला १९४३चा आहे.

जखमेच्या आणि परदेशी सेवेच्या पट्ट्यांचा अर्थ बाहीवरून ठरतो. ब्रिटिशांनी १९१६पासून जखमी सैनिकाच्या डाव्या बाहीवर उभी सोनेरी पट्टी दिली. परदेशी सेवेच्या लहान फिती उजव्या बाहीवर असत, त्यांतली लाल १९१४साठी आणि निळ्या नंतरच्या वर्षांसाठी, आणि त्या १९२२मध्ये बंद झाल्या. अमेरिकेने त्याच पहिल्या महायुद्धात दोन्हींसाठी एकच सोनेरी, टोक खाली असलेली फीत वापरली: डाव्या कफावर परदेशातल्या प्रत्येक सहा महिन्यांसाठी एक आणि उजव्या कफावर जखमेसाठी. छायाचित्र उलटे छापले गेले की शांतपणे परदेशी राहिलेला माणूस तीनदा जखमी झालेला दिसतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. डाव्या बाहीवर वरच्या भागात लाल फीत असेल तर तो सैनिक पहिल्या महायुद्धानंतर सन्मानाने सेवामुक्त झाला होता. सोव्हिएत लष्करात १९४२पासून छातीच्या उजव्या बाजूला आडव्या पट्ट्या आल्या. गडद लाल किरकोळ जखमेची, सोनेरी गंभीर जखमेची.

धागा, टाका आणि धातू

आता हातात भिंग आणि अतिनील दिवा घ्यावा. कृत्रिम धागे आणि युद्धोत्तर काळात कापडात वापरली जाऊ लागलेली शुभ्रकारक रसायने अंधारात अतिनील प्रकाशाखाली निळसर-पांढरी चमकतात. जुना सुती किंवा लोकरी धागा मंद राहतो. ही परीक्षा सोपी आहे म्हणूनच तिच्यावर लोकांचा गरजेपेक्षा अधिक विश्वास बसतो. जुना सुती बिल्ला आधुनिक साबणचुऱ्यात एकदा धुतला गेला तरी तो चमकू लागतो, आणि आज शंभर टक्के सुती धाग्यात काढलेली नक्कल अजिबात चमकत नाही. म्हणून चमकेच्या असण्या-नसण्यापेक्षा तिच्यातला फरक पाहावा: कोट, चिन्ह आणि शिवणीचा धागा या तिन्हींपैकी एकटा धागाच उजळला, तर चिन्ह नंतर शिवले गेले असण्याची शक्यता मोठी. धागा जाळून पाहण्याची पद्धत वापरायचीच असेल, तर आपोआप सुटून पडलेल्या तुकड्यावरच वापरावी. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

चिन्हाभोवतीचे कापड चिन्हाइतकेच बोलते. वर्षानुवर्षे एका जागी असलेल्या चिन्हाखालचे कापड उन्हापासून वाचते आणि मूळ रंगात राहते. चिन्ह निघाले की त्याच्या आकाराची गडद सावली उरते. ढालीच्या आकाराच्या सावलीवर गोल चिन्ह शिवलेले असेल, तर पहिल्या मालकाची ओळख त्या सावलीतच आहे. कसरीकडेही लक्ष द्यावे. लोकरी कोटाला कसर लागून पडलेली भोके चिन्हाच्या कडेपर्यंत येऊन थांबली आहेत की त्याच्या खालून आरपार गेली आहेत, हे पाहावे. कसरीने खाल्लेल्या भोकावर धडधाकट फेल्टचे चिन्ह बसले असेल तर ते भोक आधीचे आणि चिन्ह नंतरचे. टाके अस्तरातूनही आरपार गेले असतील तर कोट तयार झाल्यावर कोणीतरी चिन्ह लावले, एवढेच कळते. ते सैनिकाने स्वतः बराकीत बसून लावले असेल किंवा पन्नास वर्षांनी एखाद्या व्यापाऱ्याने.

अधिकाऱ्यांच्या कोटावरचे जरीकाम वेगळ्या नजरेने तपासावे. चांदीचा मुलामा दिलेली जुनी जर हवेने काळवंडते, आणि ते काळवंडणे सारखे नसते. जिथे हात किंवा पट्टा घासतो तिथे ती उजळ राहते आणि खाचांमध्ये काळी पडते. प्लॅस्टिकच्या गाभ्याची नवी जर काळी पडतच नाही, आणि मुद्दाम रसायनाने काळी केलेली सगळीकडे एकसारखी काळी दिसते.

धातूचा बिल्ला उलटून पाहावा. पत्र्यावर ठसा मारून घडवलेल्या खऱ्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीची स्वच्छ उलटी प्रतिमा दिसते आणि कडा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ सपाट किंवा खरबरीत असते, तीवर बारीक छिद्रे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. अडकवण्याची सोयही पाहावी: ब्रिटिश बिल्ल्यांवर तांब्याच्या कड्या किंवा सरकवण्याची चपटी पट्टी, आणि अमेरिकी बिल्ल्यांवर जुन्या काळी मळसूत्र व चकती, तर दुसऱ्या महायुद्धापासून दोन टोचण्या आणि त्यांवर बसणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या. युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी तपकिरी प्लॅस्टिकचे बिल्लेही काढले. तेही छापील चिन्हांसारखेच उगाच संशयाचे धनी होतात. खरी अडचण आहे ती जुन्याच ठशांवरून नंतर मारलेल्या बिल्ल्यांची. त्यांच्यासमोर भिंग हरते. तिथे कड्यांचा डाग, झीज आणि कोटावर उमटलेला वळ एवढ्यावरच निर्णय द्यावा लागतो.

एक कोट, टप्प्याटप्प्याने

पाहण्यासाठी माझ्याकडे आलेला कमरेपर्यंतचा एक अमेरिकी लोकरी कोट, ज्याला आयसेनहॉवरच्या टोपणनावावरून "आइक जॅकेट" म्हणतात, उदाहरण म्हणून घेतो. आतल्या लेबलावर कंत्राटाचे साल १९४४. दोन्ही बाह्यांवर 'टी' असलेल्या दोन पट्ट्यांच्या फिती, म्हणजे १९४२ ते १९४८. डाव्या कफावर चार आडव्या सोनेरी पट्ट्या. दुसऱ्या महायुद्धात अशी एक पट्टी परदेशातल्या सहा महिन्यांची, म्हणून एकूण दोन वर्षे. उजव्या छातीवर खिशाच्या वर वर्तुळात पंख पसरलेला गरुड, ज्याला सैनिक थट्टेने "फुटके बदक" म्हणत. हे सेवामुक्तीचे चिन्ह १९४६पर्यंतच्या सैनिकांना दिले गेले. उजव्या खांद्यावर एका डिव्हिजनचे कापलेल्या कडेचे चिन्ह, जे त्या जागी १९४५च्या आधी येऊ शकत नाही. येथपर्यंत सारे एकमेकांशी जुळते आणि पट्टी १९४५-४६ इतकी अरुंद होते.

मग डाव्या खांद्याकडे वळलो. तिथे एका 'आर्मी'चे, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून बनणाऱ्या दलाचे, चिन्ह होते, रंग सुंदर, शिवण नीटनेटकी, आणि कडेभोवती गोफ. दिवा लावल्यावर कोट, फिती आणि उजवे चिन्ह मंद राहिले. डाव्या चिन्हाची शिवण तेवढी निळसर उजळली. तिरक्या प्रकाशात गोल कडेच्या बाहेर दोन ठिकाणी, चौकोनाच्या कोपऱ्यांसारखी, गडद कापडाची आणि जुन्या भोकांची रांग दिसली. मालकाने ते चिन्ह काढून टाकू का असे विचारले, आणि मी नको म्हणालो. तेही आता कोटाच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्याखाली काय आहे हे पाहायला भविष्यात अधिक चांगली साधने असतील. नोंदीच्या कार्डावर आम्ही एवढेच लिहिले: कोट १९४४च्या कंत्राटाचा, फिती, पट्ट्या, उजवे चिन्ह आणि सेवामुक्तीचा गरुड १९४५-४६मध्ये एकत्र वापरलेले, डावे चिन्ह १९६०च्या दशकातले किंवा नंतरचे, त्याखाली मूळ चौकोनी चिन्हाची खूण, तुकडी अज्ञात.